कुडा कडूच लागतो

माझा एक फोटो माझ्या परवानगीशिवाय गेली काही वर्षं महाराष्ट्रभर हिंडतो आहे. पांढरा कोट, हातात काचेचा चंबू, आणि फोटोग्राफरनं बळेच आणायला लावलेलं हसू. खाली लिहिलेलं असतं, ‘पुण्याच्या शास्त्रज्ञ बाईंचा चमत्कार! आतड्याचा जुनाट आजार मुळापासून बरा.’ कुणी तो डब्यावर छापलाय, कुणी बसथांब्याच्या पाठीमागे चिकटवलाय, आणि एका कलाकारानं तर माझ्या डोक्यामागे देवादिकांसारखं तेजोवलयही काढलंय. मी आयुष्यात एकही माणूस बरा केलेला नाही. उंदीर केले. तेही सगळे नाहीत.

‘मॅडम, हलकंफुलकं लिहा, दिवाळी अंक आहे,’ असं संपादकांनी फोनवर बजावलं होतं. मी हो म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी पुण्यातल्या एका खासगी संशोधन संस्थेत वनस्पतींचे अर्क काढायची नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. अर्क म्हणजे काढा, अशी आमच्या नातेवाइकांची समजूत होती, आणि एवढं शिकून ही काढेच उकळते म्हणून त्यांना माझी कीवही यायची. तर थोडक्यात सांगते. झाडाची साल वाळवायची, जाडसर भरडायची, मद्यार्कात भिजत घालायची, गाळायची आणि मग तो मद्यार्क मंद आचेवर उडवून लावायचा. तळाशी जो काळपट चिकट गोळा उरतो, तो अर्क. पोतंभर सालीतून वाटीभर निघाला तर नशीब. त्यात नेमकं काय आहे, आणि प्रत्येक वेळी तेवढंच येतं का, हे बघण्यात आमचा जन्म जायचा. वेळखाऊ आणि चिकट काम. मला ते मनापासून आवडायचं.

माझ्या वाट्याला कुडा आला. आपल्या डोंगरांत उगवणारं, पांढऱ्या फुलांचं साधं झाड. त्याची साल जुलाबावर आणि आवेवर पिढ्यान्पिढ्या वापरली जाते, त्यात आमचा काही शोध नव्हता. आमचा प्रश्न वेगळा होता. मोठ्या आतड्याला सूज आणणारा एक हट्टी आजार असतो. औषधाचा कोर्स पुरा केला की निघून जाणारी ही आव नव्हे. यात शरीराची राखणदारी करणारी यंत्रणाच आपल्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. आत जखमा होतात, रक्त पडतं, माणूस संडासाच्या दारापासून लांब जायला घाबरतो. बऱ्याचदा ऐन तारुण्यात सुरू होतो. डॉक्टरांच्या औषधांनी आटोक्यात राहू शकतो, पण ती औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. कुड्याचा अर्क ही सूज उतरवायला मदत करू शकेल का, एवढंच आम्ही विचारत होतो. ‘करू शकेल का’ हे तीन शब्द नीट वाचावेत. पुढचा सगळा अनर्थ ते खोडल्यामुळे झाला.

उंदरांना पाण्यातून एक रसायन दिलं की त्यांचं आतडं सुजतं. मग काहींना अर्क द्यायचा, काहींना नाही. शेवटी आतडं काढून पट्टीवर ठेवायचं आणि मोजायचं. सुजलेलं आतडं आखडतं, लांबीला कमी भरतं. अर्क घेतलेल्या उंदरांची आतडी कमी आखडली होती. पट्टीवरचा आकडा मी पुन्हा पुन्हा पाहिला, दुसऱ्याकडून तपासून घेतला, आणि मग सगळ्या मजल्याला चहा पाजला. त्या दिवसाचा अभिमान मला अजूनही आहे आणि तो मी कुणाला कमी करू देणार नाही.

आता जिभेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे लाखो रुपयांची यंत्रं होती, पण आलेल्या पोत्याची पहिली तपासणी जिभेनं व्हायची. ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. सालीचा कण जिभेवर ठेवायचा, थांबायचं, थुंकायचं, चूळ भरायची. कारण कुडे दोन. औषधी तो पांढरा कुडा, आणि त्याच्यासारखाच दिसणारा काळा कुडा. वाळलेल्या साली शेजारी ठेवल्या तर भले भले फसतात. जीभ मात्र फसत नाही. पांढरा कुडा इतका कडू, की सकाळी चाखला तर दुपारचं वरणही कडू लागतं. काळा बापडा त्या मानानं पांचट.

मंडईजवळच्या आमच्या एका व्यापाऱ्यानं एकदा सगळी काळ्याची पोती पाठवली. मी परत केली, तर स्वतः गाडीवरून आला. म्हणाला, “अहो ताई, साल ती साल. उंदरांना काय कळतंय?”

मी म्हटलं, “उंदरांना नाही, मला कळतं. घ्या, तुम्हीच चाखा.”

“आमचा आज उपास आहे,” म्हणाला आणि पोती घेऊन गेला.

तर आमचा निबंध एका शास्त्रीय मासिकात आला. त्यात ‘उंदरांमध्ये’, ‘प्राथमिक’, ‘माणसांवर चाचण्या आवश्यक’ असे आमचे सगळे सावध शब्द जागच्या जागी होते. मग एका वर्तमानपत्राचा तरुण वार्ताहर आला, फोटो काढून गेला, आणि रविवारी मथळा आला, ‘आतड्याच्या असाध्य रोगावर पुण्यात सापडला रामबाण उपाय.’ बातमीत उंदीर औषधालाही नव्हता.

मी तणतणत आमच्या संचालकसाहेबांकडे गेले. म्हटलं, आजच्या आज खुलासा पाठवा. ते पेढा खात होते. म्हणाले, “अहो, कधी नव्हे ती प्रसिद्धी मिळतेय, मिळू द्या की. लोक दोन दिवसांत विसरतात.” मी स्वतःच्या सहीनं खुलासा पाठवला. तो छापून आला, नाही असं नाही. आतल्या पानावर, ‘मी माझे नाव बदलले आहे’ अशा जाहिरातींच्या शेजारी, भिंग घेऊन वाचावा लागेल इतका. मथळ्याला चार कॉलम आणि खऱ्याला बोटभर जागा, हा हिशोब मला तेव्हा समजला नव्हता, आजही समजत नाही.

मग फाटकाशी माणसं यायला लागली. एका आजोबांना कुड्यानं केस येतात का ते हवं होतं. एक बाई जेवणाच्या डब्यातून तपासणीसाठी जे घेऊन आल्या होत्या ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. नारायण पेठेतले एक गृहस्थ खास भांडायला आले होते. “आमच्या घरात हे कायम ठाऊक आहे. त्यासाठी एवढे उंदीर मारायची काय गरज होती?” मी विचारलं, “आपल्या घरात किती जणांना दिलं आणि किती जणांना गुण आला?” म्हणाले, “असं मोजत नसतात.” नमस्कार न करता निघून गेले.

या सगळ्यांत तापकीर आले. खडकीला कारखान्यात नोकरी, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. मूळचे शहरात सामावून गेलेल्या एका गावचे शेतकरी. खिशातून बातमीचं कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि हातानं सरळ केलं. मुलगी अश्विनी, कॉलेजात शिकत होती. दीड-दोन वर्षांपासून हाच आजार. डॉक्टरांची औषधं चालू होती, बरंही चाललं होतं, पण मधूनच उसळायचं.

“मॅडम, एक बाटली द्या फकस्त. किती बी पैसे सांगा.”

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं समजावून सांगितलं. की हे अजून औषध नाही. माणसाला किती द्यायचं ते ठाऊक नाही, दिल्यावर यकृताला काय होईल ते ठाऊक नाही. डॉक्टरांच्या गोळ्या काही झालं तरी बंद करू नका. ते मान डोलवत राहिले. उठताना म्हणाले, “उंदरांना देता, आन् माझ्या पोरीला न्हाई.”

या वाक्याला माझ्याकडे बरोबर उत्तर होतं आणि ते मी दिलंही. ते त्यांच्या काही कामाचं नव्हतं. त्यांना दारापर्यंत सोडून आले.

काही महिन्यांनी तापकीर परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. चेहऱ्यावर हसू. म्हणाले, “मॅडम, घ्या, तोंड गोड करा. तुमचंच औषध घावलं शेवटी. पोरगी ठणठणीत झाली.” आणि पिशवीतून प्लास्टिकचा पांढरा डबा काढला. डब्यावर मी. चंबूसकट.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तापकीर बोलतच होते. येरवड्याला कुणीतरी हे चूर्ण विकत होता. पहिल्या आठवड्यातच रक्त थांबलं. मग डॉक्टरच्या गोळ्या कशाला, म्हणून त्या बंद केल्या. भूक तर अशी लागायला लागली की बघायला नको. “गाल बघा कसं भरल्यात,” म्हणून त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. “पोरीनं बाळसं धरलंय. आन् पाजायला कायबी तरास न्हाई. आजिबात कडू न्हाई, दुधातनं घेती.”

“कडू नाही?”

“न्हाई हो. गोडूस लागतंय.”

मी फोटो परत बघितला. वाटोळा, चंद्रासारखा, कानापर्यंत पसरलेला चेहरा. हात मात्र काटकुळेच. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही: ज्या झाडपाल्याच्या चूर्णानं आठ दिवसांत जादू होते, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइड वाईट नव्हे. याच आजारात डॉक्टर ते मोजून देतात आणि हळूहळू उतरवतात. चोरून, न मोजता, महिनोन्‌महिने घेतलं तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचंच विसरतं. मग ते एकदम तुटलं, की माणूस कोसळतो.

“आता कशी आहे ती?” मी विचारलं.

तापकिरांचा चेहरा जरा उतरला. “पेढं कवाचं द्यायचं ऱ्हायलं हुतं, पर आज आलो त्ये ह्याच्यासाठी. डबा संपला की. त्यो माणूस फोन उचलंना. मंगळवारपास्नं पोरगी पडूनच हाय. चक्कर येती, उलट्या. म्हनलं, औषध तुमचं, म्हंजी तुमच्याकडं डबा आसंल.”

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिला दवाखान्यात न्यायला हवं, तिच्या त्याच डॉक्टरांकडे. ते जागचे हलेनात. ज्या डॉक्टरच्या गोळ्या आपण बंद केल्या त्यांच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं, असं त्यांना वाटत होतं. आणि मी डबा लपवून ठेवतेय, असंही. “फोटू तर तुमचाच हाय ह्याच्यावर,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. डब्यावरच्या बाईवर त्यांचा विश्वास होता, समोर उभ्या असलेल्या बाईवर नव्हता.

मी कपाटातली सालीची बरणी काढली. डब्याच्या तळाशी उरलेलं चूर्ण आधी स्वतःच्या जिभेला लावलं. साखर, आणि कसल्यातरी पानांचा भुगा. मग त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. “हे डब्यातलं. आणि हा कुडा, ज्याच्याबद्दल पेपरात आलं होतं. जिभेला लावा आणि थुंका.”

पहिलं त्यांनी चाखलं आणि म्हणाले, “हेच की.” दुसरं जिभेवर ठेवलं आणि पळतच बेसिनपाशी गेले. चुळा भरभरून डोळ्यांत पाणी आलं. ते कडूपणामुळे होतं की दुसऱ्या कशामुळे, मी विचारलं नाही. तोंड न पुसता ते वळले.

“मग पोरीला मी काय पाजलं, मॅडम?”

आम्ही रिक्षानं खडकीला गेलो, अश्विनीला उचलून तिच्या डॉक्टरांकडे नेलं. डबा मी मांडीवर धरून बसले होते. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी डबा बघितला, मुलीचा चेहरा बघितला, रक्तदाब बघितला आणि नर्सला हाक मारली. तापकिरांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला मात्र म्हणाल्या, “फोटो छान आलाय तुमचा.”

मी खुलाशाबद्दल काहीतरी पुटपुटले. त्या वेळी त्यांच्याइतका राग मला कुणाचा आला नसेल, आणि त्यांच्याइतकं बरोबरही कुणी बोललं नव्हतं.

चूर्णाचे नमुने मी तपासून घेतले. काचेच्या पट्टीवर स्टिरॉइडचा ठिपका शेजारी मुद्दाम ठेवलेल्या शुद्ध स्टिरॉइडच्या ठिपक्याच्या अगदी रांगेत उभा राहिला. कुड्याचा तर वाससुद्धा नव्हता. अहवाल घेऊन मी औषध प्रशासनाच्या कचेरीत गेले, पोलिसांत गेले. येरवड्याच्या त्या पत्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान निघालं. निरीक्षक सज्जन होते. म्हणाले, “मॅडम, हा बंद केला की दुसऱ्या नावानं येतो. तुमचा फोटो तेवढा बदलत नाही.” संचालकसाहेब म्हणाले, संस्थेचं नाव त्यात आणू नका. त्यांच्या केबिनमध्ये तोवर तो मथळा फ्रेम करून लागला होता.

अश्विनी वाचली. पण आजार महिनोन्‌महिने मोकळा राहिला होता, तो सगळा बाहेर आला. डॉक्टरांनी शर्थ केली. एकामागून एक औषधं देऊन झाली. शेवटी मोठं आतडं काढावं लागलं. वय वर्षं वीस. बरेच महिने पोटावर पिशवी लावून तिनं कॉलेज केलं, मग आणखी एक ऑपरेशन झालं.

मी भेटायला जायचे. एकदा मी उशाशी बसले होते तर ती म्हणाली, “मॅडम, एक विचारू? तुम्ही उंदरांचं आतडं मोजता ना, स्केलवर?”

“हो.”

“माझं कुणी मोजलं का? किती भरलं? आय मीन, जस्ट क्युरिअस.”

तापकीर उठून बाहेर गेले. तीच मग हसली आणि म्हणाली, “रिलॅक्स, मॅडम.”

मला लोक विचारतात, मग झाडपाल्यात काही अर्थच नाही का? अहो, आहे म्हणूनच तर जळफळाट होतो! उंदरांची ती आतडी खरोखर कमी आखडली होती. पुढची पायरी म्हणजे अर्काची मात्रा ठरवणं, तो सुरक्षित आहे का ते पाहणं, आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली, चालू औषधं न तोडता, माणसांवर चाचणी. त्यासाठी पैसे मागायला मी ज्यांच्या ज्यांच्या दारात गेले त्यांनी एकच सांगितलं, हे तर बाजारात आलंय ना? गल्लोगल्ली मिळतंय. ज्या चोरानं कुड्याची साल डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यानं कुड्याची वाट बंद केली. काही आजाऱ्यांना कदाचित, कदाचितच, उपयोग झाला असता असा तो अर्क आमच्या शीतपेटीत पडून होता. मी निवृत्त झाले तेव्हा तिथेच होता. पुढे त्याचं काय झालं ते मला कुणी कळवलं नाही. निरोप समारंभात शाल मिळाली आणि साहेबांनी भाषणात त्या मथळ्याचा उल्लेख केला.

अश्विनी आता हिंजवडीला नोकरी करते. डॉक्टरांकडे नेमानं जाते, खाण्यापिण्याचं सांभाळते, आणि तिच्या वडिलांना तिच्यासमोर कुणी नावं ठेवलेली तिला खपत नाहीत. “पप्पांनी चीटिंग नाही केली. पप्पांना चीट केलं,” एवढं बोलून विषय संपवते.

या गणपतीनंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा तो फोटो पुन्हा आला. नवं नाव, नवा डबा, तीच मी. बी विंगमधल्या एका काकांनी हात जोडून पाठवला होता, त्यांच्या भाच्यासाठी चौकशी करत. त्यांनी मला ओळखलं नव्हतं, लिफ्टमध्ये रोज भेटतो तरी. मी अश्विनीला फोन केला. ती म्हणाली, “माझा तेव्हाचा फोटो टाका ना, बलून फेसवाला. नाव पण लिहा. मला चालेल.”

मग मी बसून सगळं लिहिलं. फोटोतली बाई मीच. हे औषध माझं नाही. या मुलीचा हा चेहरा सुजलेला आहे, असल्याच डब्यामुळे, आणि त्यानंतर तिचं मोठं आतडं काढावं लागलं. भाच्याच्या गोळ्या बंद करू नका, त्याला त्याच्या डॉक्टरांकडे न्या. खाली अश्विनीचा फोटो लावला आणि पाठवून दिलं.

मग काकांचं उत्तर आलं. ‘मुलीची तब्येत छान दिसते. वाचायला चष्मा नाही. डबा कुठे मिळेल?’

मी संस्थेतून बरोबर आणलेल्या बरणीतली सालीची चिमूट कागदात बांधली, पायात चपला सरकवल्या आणि बी विंगचा जिना चढले. काकांनी दार उघडलं, हसून “या, या” म्हणाले. हॉलमध्ये सोफ्यावर त्यांचा भाचा बसला होता, कोवळा, वाळलेला, गोळ्यांची पट्टी अजून हातात.

मी नमस्कारही केला नाही. पुडी उघडली आणि काकांना म्हटलं, “डब्यातलं गोड असतं. खरा कुडा कसा लागतो ते बघा. जीभ बाहेर काढा.”